विश्व जीवसृष्टीसाठीच घडवले गेले का?

श्रोतेहो, नमस्कार.

आपण आत्ता जो श्वास सोडला, त्यात कार्बन होता. तो आला कुठून, या प्रश्नापासून मी सुरुवात करतो, कारण हे विश्व जीवसृष्टी नांदावी म्हणून कुणी हेतुपूर्वक घडवले का, या चर्चेत कार्बनचा दाखला हमखास दिला जातो.

विश्वाच्या आरंभी हायड्रोजन आणि हेलियम तयार झाले, कार्बन जवळजवळ नव्हताच. तो नंतर ताऱ्यांच्या पोटात घडला, पण तो घडण्यात मोठी अडचण होती. हेलियमची दोन अणुकेंद्रे एकत्र आली की बेरिलियमचे केंद्र बनते खरे, परंतु सेकंदाच्या सुमारे एक कोटी अब्जाव्या भागात ते पुन्हा फुटते, आणि तेवढ्या अवधीत हेलियमचे तिसरे केंद्र त्याला येऊन मिळाले तरच कार्बन तयार होतो. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी हा हिशेब मांडला तेव्हा कार्बन फारच थोडा निघत होता. प्रत्यक्षात तर तो विपुल आहे. मग त्यांनी 1953 साली असे अनुमान काढले की कार्बनच्या अणुकेंद्राला सुमारे 76.5 लाख इलेक्ट्रॉन व्होल्टवर (हे अणूंच्या जगातले ऊर्जेचे एकक) एक ऊर्जापातळी, म्हणजे त्या केंद्राला धारण करता येणारी एक ठरावीक ऊर्जा, असलीच पाहिजे, म्हणजे ही तिहेरी भेट सुकर होईल. ताऱ्यांचा अभ्यासक अणुकेंद्राची पातळी सांगतो, हे कॅलिफोर्नियातल्या अणुभौतिकीच्या प्रयोगशाळेत आधी कुणाला फारसे पटले नाही. पण प्रयोग झाला आणि पातळी जवळजवळ तिथेच सापडली. कार्बनला हेलियमचे आणखी एक केंद्र मिळाले की ऑक्सिजन बनतो, पण त्याची गोष्ट याच्या उलट आहे. त्याची एक पातळी कार्बन आणि हेलियम यांच्या एकत्रित ऊर्जेच्या किंचित खाली पडते. ती किंचित वर असती, तर तयार झालेला बहुतेक कार्बन ऑक्सिजन होऊन संपून गेला असता.

मला हे आजही थक्क करते. स्वतः हॉईल नास्तिक म्हणून ओळखले जात, पण पुढे 1980 च्या दशकात त्यांनाही असे वाटू लागले की भौतिकीच्या नियमांत कुण्या श्रेष्ठ बुद्धीचा हात असावा.

तरीही त्यांच्या या निष्कर्षाशी मी सहमत होऊ शकत नाही. 1953 चे ते अनुमान हेतूवरून काढलेले नव्हते. कार्बन विपुल आहे, या दिसणाऱ्या वस्तुस्थितीवरून ते काढले होते, आणि त्यात एक आकडा होता, जो प्रयोगात खोटाही ठरू शकला असता. विश्वामागे हेतू आहे असे म्हटल्याने असा कोणता आकडा हाती येतो? मला तरी अजून दिसलेला नाही. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्या श्रद्धेला याने बाध येत नाही. पण श्रद्धेला पुरावा म्हणून कार्बनची साक्ष काढायची असेल, तर साक्ष नीट तपासावी लागते.

ती तपासली गेलीही आहे. 1989 मध्ये काही खगोलशास्त्रज्ञांनी कार्बनची ही पातळी 60 हजार इलेक्ट्रॉन व्होल्टने वर सरकवून ताऱ्यांचे गणित पुन्हा केले, तेव्हा कार्बनच्या निर्मितीत लक्षणीय फरक पडला नाही. ती आणखी बरीच वर नेली तर मात्र कार्बन आटतो. म्हणजे जुळणी आहे, पण अनेकदा सांगितले जाते तितकी ती सुईच्या टोकावर उभी नाही.

भौतिकशास्त्रज्ञ ब्रँडन कार्टर यांनी 1973 साली, कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीनिमित्त क्राको येथे भरलेल्या परिसंवादात आणखी एक सावधगिरी सुचवली. निरीक्षक जिथे असू शकतो तिथूनच तो निरीक्षण करणार, हे निष्कर्ष काढताना विसरू नये, असा तिचा आशय. पत्र ज्याच्या हाती पडते तोच ते वाचतो. वाटेत गहाळ झालेल्या पत्रांची मोजदाद वाचणाऱ्याला करता येत नाही. या तत्त्वाने माझे पूर्ण समाधान होत नाही, कारण आपल्याला वेगळे विश्व का दिसत नाही हे त्यातून कळते, पण असे विश्व मुळात का आहे हे कळत नाही. तथापि भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी 1987 मध्ये याच धर्तीवर दाखवले की वैश्विक स्थिरांक, म्हणजे रिकाम्या अवकाशाची प्रसरणाला रेटा देणारी ऊर्जा दर्शवणारा आकडा, एका मर्यादेपेक्षा मोठा असता तर दीर्घिकाच बनल्या नसत्या, आणि 1998 मध्ये विश्वाचे प्रसरण वेगावत असल्याचे आढळले तेव्हा त्याचे मूल्य शून्य नसून त्या मर्यादेच्या आतले निघाले.

खरी अडचण संभाव्यतेची आहे. हे आकडे जुळून येणे अशक्यप्राय होते असे म्हणताना, ते दुसरे कोणते असू शकले असते आणि किती प्रमाणात, हे आधी ठाऊक असावे लागते. फाशाला बाजू किती हेच माहीत नसताना पडलेले दान दुर्मीळ होते असे कसे म्हणावे? आपल्यापुढे विश्व एकच आहे.

म्हणून मला सर्वांत मोलाचे काम वाटते ते या आकड्यांच्या मुळाशी जाणाऱ्यांचे. हॉईल यांनी सांगितलेली ती पातळी केवळ अणुकेंद्रीय बलांच्या सिद्धांतातून, महासंगणकावर, 2011 मध्ये प्रथमच काढता आली, आणि दोनच वर्षांनी त्याच गटाने क्वार्कचे, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या मूलकणांचे, वस्तुमान दोन-तीन टक्क्यांनी बदलले तरी कार्बन आणि ऑक्सिजन बहुधा बनत राहतील असे दाखवले. त्याहून मोठ्या बदलाचे काय होईल, ते गणित अजून चालू आहे.