झडप कुठली बसवायची?

वडोदऱ्याचा दांडिया बाजार. गायकवाडी काळापासून इथल्या घरांत मराठी बोललं जातं. अशाच एका घरात ५५ वर्षांच्या काकूंची हृदयातली मायट्रल झडप बदलायची ठरली. लहानपणी सारखा घसा धरायचा, सांधे सुजायचे. तो संधिवाताचा ताप (ऱ्हुमॅटिक फीवर) उतरला, पण जाताना झडप आखडवून गेला. जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा कुठे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला.

सर्जननी दोन पर्याय सांगितले. यांत्रिक झडप सहसा जन्मभर टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळीही जन्मभर घ्यावी लागते. गाय किंवा डुकराच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला ही गोळी बहुधा काही महिनेच लागते. पण ती साधारण १० ते १५ वर्षांत झिजते. गाईचं नाव निघाल्यावर मनात चलबिचल झाली, तर तेही डॉक्टरांपाशी मोकळेपणाने बोलावं. तो प्रश्न क्षुल्लक नाही.

काकूंना पुन्हा ऑपरेशन नको होतं. त्यांनी यांत्रिक झडप निवडली. त्याआधी घरात बसून ठरलं, की रोजची गोळी कोण बघणार आणि लॅबला कोण नेणार. आम्हाला ही बैठक ऑपरेशनइतकीच मोलाची वाटते.

आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा, आकडा असतो. निरोगी माणसाचा असतो १ च्या आसपास. काकूंचा हवा २.५ ते ३.५. कमी झाला तर झडपेवर गुठळी धरण्याची भीती, फार वाढला तर रक्तस्रावाची. रक्त सकाळी देतात, गोळी रात्री. मधल्या वेळात रिपोर्ट येतो, डोस बदलायचा असेल तर डॉक्टर त्याच दिवशी सांगतात. कधी अर्धी गोळी. काका ती ब्लेडने कापून उरलेली अर्धी डबीत ठेवतात.

मेथी, पालक, अळू यांतल्या ‘के’ जीवनसत्त्वामुळे गोळीचा जोर कमी होतो. म्हणून कित्येक घरांत पालेभाजीच बंद होते. तसं करू नये. पात्रा (अळूवडी) खावा, पण एका आठवड्यात ताटभर आणि पुढचे दोन आठवडे काहीच नाही, असं नको.

खरी धास्ती असते ती गुडघा दुखला म्हणून मेडिकलवरून परस्पर आणलेल्या गोळीची. काही अँटिबायोटिक्सनीही आकडा एकदम चढतो. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचा नाही. दात काढायचा असला तरी गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. आणि डोक्याला मार लागला किंवा शौचाला काळी झाली, तर सकाळची वाट न बघता थेट इस्पितळ गाठायचं.