टाळूची खिडकी

पडद्यावरच्या या दोन प्रतिमा एकाच बाळाच्या मेंदूच्या आहेत. डावीकडची तिसाव्या आठवड्यातली आणि उजवीकडची चाळिसाव्या आठवड्यातली. डावीकडे मेंदूचा पृष्ठभाग बराचसा सपाट आहे आणि त्यावर मोजक्याच खाचा ओळखू येतात, तर उजवीकडे तोच पृष्ठभाग वळ्यांनी भरून गेला आहे. आईच्या पोटात हे दहा आठवडे कोणाच्याही नजरेस न पडता सरतात. या बाळाने ते काचेच्या पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) काढले, आणि म्हणूनच ही वाढ आपल्याला पाहता आली.

गर्भावस्थेचे 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला मुदतपूर्व जन्मलेले बाळ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जगभरात सुमारे 1 कोटी 34 लाख बाळे अशी जन्मली. त्यांचे वजन रोज काट्यावर कळते. मेंदू किती वाढला, हे कळणे मात्र इतके सोपे नसते.

सर्वांत जुने साधन म्हणजे मोजपट्टी. दर आठवड्याला डोक्याचा घेर मोजून त्याची नोंद आलेखावर केली जाते, आणि ही नोंद आजही मोलाची आहे. तथापि कवटीच्या आत मेंदूबरोबर द्रवही असतो, आणि त्या द्रवाचे प्रमाण वाढले तरी घेर वाढतोच. शिवाय आठवडेच्या आठवडे डोके कुशीवर टेकून राहिल्याने या बाळांची मऊ कवटी दोन्ही बाजूंनी दबून लांबट होते, त्यामुळे घेराच्या आकड्यावरून आतल्या आकारमानाचा नेमका अंदाज येत नाही.

आत डोकावण्याची सोय निसर्गानेच ठेवलेली आहे. बाळाच्या माथ्यावरच्या टाळूत हाड नसते, आणि हाड नसल्यामुळे ध्वनिलहरी तेथून विनाअडथळा आत जातात. डॉक्टर पेटीच्या खिडकीतून हात आत घालतात, टाळूवर थोडे जेल लावतात आणि सोनोग्राफीचा छोटा प्रोब अगदी हलक्या हाताने टेकवतात. बाळाला जागचे हलवावे लागत नाही. मेंदूतील पोकळ्यांच्या कडेला असलेल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्तस्राव झाला असेल, तर तो बहुतेक वेळा जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतच होतो, आणि तो प्रथम दिसतो तो येथेच. पोकळ्यांची रुंदी, दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्याची लांबी आणि लहान मेंदूची रुंदी ही मापेही याच तपासणीत घेता येतात.

संपूर्ण मेंदूचे आकारमान मोजायचे असेल, तर एमआरआय लागतो. ही तपासणी बहुधा बाळ मूळ प्रसूतीच्या (म्हणजे पूर्ण दिवस भरण्याच्या अपेक्षित) तारखेच्या आसपास पोहोचल्यावर करतात. बाळाला दूध पाजून दुपट्यात घट्ट गुंडाळतात, यंत्राच्या आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून कान झाकतात आणि ते गाढ झोपेपर्यंत सगळे वाट पाहतात. अनेकदा गुंगीचे औषध द्यावेच लागत नाही. परंतु मध्येच बाळाने मान हलवली, तर प्रतिमा पुसट होते आणि तो भाग पुन्हा टिपावा लागतो.

मोजणीचे खरे कष्ट त्यानंतर सुरू होतात. संगणक प्रतिमेचे लक्षावधी बारीक घन तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा करड्या द्रव्याचा (चेतापेशींच्या भागाचा), श्वेत द्रव्याचा (त्यांना जोडणाऱ्या तंतूंचा) की द्रवाचा, हे ठरवतो. प्रौढांसाठी बनवलेली प्रणाली येथे चालत नाही, कारण नवजात मेंदूतील तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचे आवरण अजून पुरते चढलेले नसते आणि त्यामुळे प्रतिमेत करड्या व श्वेत द्रव्याची उजळ-गडद छटा प्रौढांच्या नेमकी उलट दिसते. त्यातही ज्या तुकड्यात अर्धा द्रव आणि अर्धे करडे द्रव्य येते, त्याची छटा श्वेत द्रव्यासारखी भासते आणि संगणक फसतो. या कडा तज्ज्ञांना डोळ्यांत तेल घालून तपासाव्या लागतात. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वाधिक आदर वाटावा, तो या चिकाटीबद्दल.

संशोधक पेट्रा ह्युप्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये याच पद्धतीने दाखवून दिले की, जन्म मुदतीच्या अलीकडचा असो वा मुदतीवरचा, 29 ते 41 आठवड्यांच्या काळात मेंदूच्या ऊतींचे आकारमान आठवड्याला सुमारे 22 मिलिलिटरने वाढते, आणि बाह्यपटलातील, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातील, करडे द्रव्य तर जवळजवळ चौपट होते. पेटीतला एकेक आठवडा किती मोठा असतो, हे या आकड्यांवरून उमगते.

तरीही आकडा म्हणजे भविष्य नव्हे. मुदतीच्या वेळच्या एमआरआयमध्ये श्वेत द्रव्याची ठळक हानी दिसली, तर पुढे हालचाल आणि आकलन यांत अडचणी येण्याची शक्यता वाढते, हे अभ्यासांतून दिसले आहे. पण प्रतिमा बरी असूनही अडचण आलेली मुले असतात, आणि प्रतिमा चिंताजनक असूनही चालू-बोलू लागलेली मुलेही असतात. त्यामुळे अहवाल पालकांच्या हाती देताना पुढच्या तपासण्यांच्या तारखाही द्याव्या लागतात, आणि बाळाचे वय जन्मदिवसापासून न मोजता मूळ प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे, हे समजावून सांगावे लागते.

साधारणपणे दुसऱ्या वर्षात टाळू भरते आणि ध्वनिलहरींची ती वाट बंद होते. तोवर बाळ चटईवर बसून ठोकळ्यावर ठोकळा ठेवू लागलेले असते, आणि समोर बसलेले डॉक्टर त्याची बोटे ठोकळा कशी धरतात, याची नोंद करत असतात.