तारा पुसू नका

मंडळी, आजचा विषय सुधीर पटवर्धनांची चित्रं आणि आपलं उपनगर. पटवर्धन इथे नवे नाहीत. जन्म १९४९, पुण्याचे. १९७५ ते २००५ ठाण्यात रेडिओलॉजिस्ट. चित्रकला स्वतःची स्वतः शिकलेले. ‘उल्हासनगर’, ‘पोखरण’, ‘लोअर परळ’ ही त्यांच्या चित्रांची नावंच बघा. सहलीला कुणी जाईल असं यातलं एकही ठिकाण नाही. त्यांच्या पद्धतीने आपल्या बेळगावची उद्यमबाग, म्हणजे आपली कारखान्यांची वसाहत, कशी रंगवता येईल, हे आज सांगायचं आहे. पण त्याआधी विजेच्या तारांबद्दल बोललंच पाहिजे.

चित्रकार के. बी. कुलकर्णींचं हे गाव. चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. निसर्गचित्राची नजर इथे घराघरांत आहे. तरीही स्थळचित्रणाच्या स्पर्धेत मुलगा खडेबाजारात बसला, की पहिली सूचना मिळते, ‘विजेच्या तारा सोडून दे, पाट्या गाळ.’ मग उरतं काय? कौलं आणि आभाळ. अहो, त्या गल्लीला खोली देतात त्या ताराच! खांब दूर जातील तसं त्यांच्यातलं अंतर आखडतं, तारेचा झोळ उथळ दिसायला लागतो, आणि तेवढ्यावर डोळा रस्त्याच्या टोकापर्यंत पोचतो.

तारा बिघडतात त्या अशा. एकतर पट्टीने ओढल्या जातात, किंवा जवळपासून लांबपर्यंत सारख्याच काळ्या होतात. आभाळावर गडद दिसणारी तार उन्हातली असेल तर मागच्या काळोख्या भिंतीवर उजळ दिसते; तिथे रंग बदलायलाच हवा. तैलरंगात खालचा थर ओला असताना तार ओढली तर ब्रश तो रंग उचलतो आणि तार मळते. थर हाताला लागेनासा होऊ द्या. मग रिगर, म्हणजे लांब केसांचा बारीक ब्रश घ्या, रंग शाईइतका पातळ करा आणि मनगट न टेकवता खांद्यापासून हात फिरवा. मधेच तुटली तर तुटू द्या; डोळा ती जोडून घेतो. जलरंगात उजळ तार हवी असेल तर कागद पूर्ण वाळल्यावर ब्लेडच्या टोकाने खरवडा.

आता पाट्या. आपल्याकडे एकाच दुकानावर कन्नड, मराठी, इंग्रजी. त्यावरून होणारे वाद तुम्हाला मी काय सांगू! पण चित्रकाराला यातून मोठी गोष्ट मिळते. लांबून बघा, देवनागरी शिरोरेषेमुळे आडव्या पट्टीसारखी दिसते, कन्नड ओवलेल्या मण्यांसारखी. अक्षर वाचता येईल इतकं लिहू नका, वळण तेवढं धरा. वाचता आलं की बघणारा वाचत बसतो, चित्र राहून जातं. आणि फ्लेक्सवर ट्यूबमधला लाल सरळ थापू नका. उन्हात आधी किरमिजी आणि पिवळा उडतो, निळा टिकतो. दोन उन्हाळे खाल्लेल्या फ्लेक्सवर पुढाऱ्याचा चेहरा निळसर झालेला असतो. तो निळा नेमका पकडलात, तर फ्लेक्स किती जुना तेही चित्रात येतं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

पटवर्धनांची मोठी शहरचित्रं एका जागी बसून दिसणाऱ्या दृश्याची नाहीत. रेखाटनं, फोटो, आठवण यांतून अनेक ठिकाणांहून पाहिलेलं एका कॅनव्हासवर जुळवलेलं असतं. उद्यमबागेसाठी तीन जागा घ्या: तिसऱ्या गेटाच्या पुलावरून पत्र्यांची छपरं, रस्त्यावरून फौंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं फाटक, समोरच्या चहाच्या टपरीतून बाहेर. तिन्हींची क्षितिजरेषा वेगळी येणार, येऊ दे. उजेड मात्र एकाच बाजूचा ठेवा. या तीन दृश्यांचा सांधा नेहमी रस्त्यावर उघडा पडतो, कारण डांबर सलग असतं. तिथे कंपाउंडची भिंत, ट्रक किंवा पुलाचा खांब आणा.

राखाडीसाठी काळा नको. बर्न्ट अंबर हा तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा निळा मिसळा. फौंड्रीची काळी वाळू पडलेल्या जमिनीला अंबर जास्त, जुन्या सिमेंट पत्र्यांना अल्ट्रामरीन. भिंतींचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा तांबडा ठेवा. पावसात आपली लाल माती तिथवर उडते. हा पट्टा विसरलात तर चित्र कुठल्याही गावचं होईल.

माणसं शेवटी रिकाम्या जागेत टाकू नका. पटवर्धनांच्या चित्रात माणसाच्या अंगाला वजन असतं, तो जागा अडवून उभा असतो. म्हणून शिफ्ट सुटतानाचे दोघं-तिघं आधी कोळशाने मोठे रेखाटा, त्यांच्या खांद्यांमधून फाटक किती दिसतं ते मोजा, आणि इमारती मग त्यांच्या मागे बसवा.