मारणारा वेगळा, खाणारा वेगळा

श्रोतेहो, नमस्कार.

परसात सकाळी ससा किंवा पारवा मरून पडलेला दिसला, की आरोपी ठरायला वेळ लागत नाही. शेजारचा बोका, नाहीतर मोकाट कुत्रा. ज्याच्यावर आधीपासून राग असतो, त्याचंच नाव पहिलं निघतं. पण त्याआधीचा एक प्रश्न राहून जातो: याला मुळात कोणी मारलंय का? पक्षी खिडकीच्या काचेवर आपटून मरतात, ससे गाडीखाली येतात, आजारानंही जातात. रात्री कोणीतरी येतं आणि आयतं मिळालेलं खाऊन जातं. सकाळी आपल्याला दिसतं ते त्याचं जेवण.

याचा उलगडा कातडीच्या आत होतो. प्राणी जिवंत असताना दात रुतला, तर भोवतीच्या मांसात रक्त साकळतं, काळंनिळं होतं. मेल्यावर चावलं तर भोक पडतं, पण भोवतालचं मांस फिकटच राहतं. वरून केसांत हे दिसत नाही. कातडी सोडवून पाहावं लागतं आणि ते पशुवैद्यानंच करावं.

लंडनच्या क्रॉयडन भागात हाच घोळ झाला होता. तिथे मुंडकं किंवा शेपूट कापलेल्या पाळीव मांजरी सापडू लागल्या. जखमा इतक्या सफाईदार, की कोणी माथेफिरू सुरी घेऊन फिरतोय असं लोकांना वाटलं. पोलिसांनी २०१५ मध्ये तपास हाती घेतला. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: माणसाचा हात असल्याचा पुरावा नाही, मांजरी बहुधा वाहनांखाली मेल्या आणि कोल्ह्यांनी त्यांचे लचके तोडले. पुढे पशुवैद्यकीय तज्ज्ञांनी अशी ३२ शवं तपासली, तर साऱ्यांवर कोल्ह्याचा डीएनए मिळाला. गंमत पुढेच आहे. त्यातल्या काही मांजरी कोल्ह्यांनीच मारलेल्या निघाल्या, तर काहींचा जीव आधीच हृदयविकारानं किंवा धडकेनं गेला होता. म्हणजे एकाच भागात, एकच खाणारा, पण मरणाची कारणं निरनिराळी. कोल्ह्याच्या दाढा कात्रीसारख्या चालतात, म्हणून ती सफाई.

पक्षी मेला असेल तर पिसं गोळा करा. माझ्या मते घरच्या घरी मिळणारा हा सगळ्यात बोलका पुरावा. शिक्रा, ससाणा हे पिसं उपटतात. दांडा मुळापर्यंत शाबूत राहतो, फार तर चोचीची चिमट असते. मांजर, कोल्हा पिसं चावून तोडतात; दांडे मोडलेले, तुटलेले आणि लाळेनं एकमेकांना चिकटलेले असतात. अर्थात मेलेला पक्षीही शिकारी पक्षी सोलतोच, तेव्हा पिसं खाणाऱ्याची ओळख देतात, मारणाऱ्याची नव्हे.

ससा किंवा खार असेल तर मान बघा. मांजर मानेवर नेमका चावा घेते. तिच्या दोन सुळ्यांमधलं अंतर साधारण दीड सेंटीमीटर भरतं. भोकांमधलं अंतर पट्टीनं मोजा, फोटो काढताना पट्टी शेजारी ठेवा. कुत्र्याचं काम बेशिस्त असतं: मांड्या, पाठ, पोट, जिथे तोंड पोचेल तिथे चावे, झटके देऊन फाटलेली कातडी, आणि पुष्कळदा खाल्लेलं काहीच नाही. फक्त डोळे गेले असतील तर कावळ्यांवर संशय घ्या, पण ते बहुधा मागाहून आलेले.

ओल्या मातीत ठसे मिळाले तर उत्तमच. मांजरीच्या पावलात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या आणि कोल्ह्याच्या पावलात उमटतात. मुंगसाच्या पायाला पाच बोटं असतात.

हे सगळं रबरी हातमोजे घालूनच करा; प्रेतावर पिसवा आणि गोचीड असतात. आणि रात्री कॅमेरा लावायचा असेल, तर तो प्रेतावर रोखून भागणार नाही. वासानं आलेला भुकेला प्राणी त्यात नक्की टिपला जाईल, मग तो आदल्या रात्री तिथे होता की नाही, कोण सांगणार? परसात शिरायची वाट, कुंपणाखालची फट, तिकडे कॅमेरा वळवा आणि त्याआधी प्रेत खोल पुरून टाका.