बारीक मालाची करंजी

[दृश्य: पहाट. बगीच्यात धुकं. फळांनी वाकलेल्या फांद्या, खाली बांबूचे टेकू.]

एका झाडाला चार टेकू, कुठे सहा. टेकू काढला तर फांदी मोडेल, इतकं फळ.

हा वरूड तालुका, जिल्हा अमरावती. उत्तरेला सातपुडा, आणि त्याच्या पायथ्यापर्यंत संत्र्याचे बगीचे. वरूड-मोर्शीच्या या पट्ट्याला कोणीतरी कधीतरी ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हटलं आणि ते नाव भाषणांत राहून गेलं. इथला माणूस ‘आमचा भाग’ एवढंच म्हणतो.

अंबिया बहाराचा तोडा चालू आहे. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेलं हे झाड दिवाळीपासून पुढे फळ देतं. पावसाच्या तोंडावर फुलणारा मृग बहार वेगळा, तो यायचा आहे अजून.

[दृश्य: झाडाखाली गोणपाट. दोन बाया बसून फळं निवडतात. हात जवळून.]

या हातांकडे बघा. इथे मशीन नाही, काटा नाही. फळ उचललं, तळहातात एकदा फिरलं, की त्याचा ढीग ठरला. मोठं फळ डावीकडच्या कॅरेटमध्ये. मध्यम उजवीकडच्या. आणि मुठीत मावणारं, सालीवर डाग असलेलं, देठाशी थोडं पिवळं-हिरवं राहिलेलं फळ मागे. मागे म्हणजे पाठीमागे, न बघता.

तो मागचा ढीग म्हणजे बारीक माल.

२०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ही मोठीच गोष्ट. पण या गोणपाटावर झाड एकच आणि भाव तीन. तिसरा भाव कधी कधी एवढा खाली जातो, की माल बाजारात नेण्याचं गाडीभाडं त्यात निघत नाही. बांगलादेश हे या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक, त्यांनी गेल्या काही वर्षांत आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं वाढवलं, तेव्हापासून इथला माल इथेच साचतो. व्यापारी कॅमेऱ्यासमोर बोलले नाहीत. पुढे जाऊ.

[दृश्य: घमेलं डोक्यावर घेतलेल्या काकू बांधावरून घराकडे. मागे कुत्रं.]

हा ढीग आज बांधावर सडणार नाही. काकूंनी घमेलं भरून घेतलंय.

[दृश्य: स्वयंपाकघर. भिंतीत कोनाडा. ओट्यावर काळी, अंड्यासारखी गोल मशीन, अंगावर टॉवेल.]

टॉवेलखाली एअर फ्रायर आहे. धाकट्या सुनेच्या लग्नात आहेर म्हणून आला. वर्षभर कपाटावर होता, खोक्यासकट. ‘तळायचं तेलाशिवाय, मंग तळायचं कायले?’ हा सासूबाईंचा प्रश्न त्या वर्षभरात कोणी सोडवला नाही.

नाव फ्रायर असलं तरी ही वस्तू तळत नाही, भाजते. वर विजेची तार तापते, तिच्यावरचा पंखा ती गरम हवा जोरात खाली ढकलतो, आणि लहानशा बंद जागेत ती हवा पदार्थाभोवती फिरत राहते. फिलिप्स कंपनीनं २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ही मशीन दाखवली, ती युरोपातल्या बटाट्याच्या फिंगरचिप्ससाठी. तिच्यात कोणी करंजी करील, हे बर्लिनमध्ये कोणाच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं.

आता करंजीचं बघा. आपल्या करंजीत ओलं फळ का नसतं? दिवाळीच्या करंजीचं सारण म्हणजे सुकं खोबरं, रवा, खसखस, पिठीसाखर. सगळं कोरडं. कारण कडकडीत तापलेल्या तेलात ओलं फळ गेलं, की आतल्या पाण्याची वाफ होते, मुरड उसवते आणि कढई अंगावर उडते. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायकांनी फळ करंजीबाहेर ठेवलं, ते तेलाच्या भीतीनंही असावं. तेलच काढून टाकलं, तर फळ आत येऊ शकतं. या घरात झालं ते एवढंच. आणि मला विचाराल तर हे एवढंसं नाही.

[दृश्य: काकू फोड सोलतात. नख पांढऱ्या धाग्याखाली जातं. खूप जवळून.]

इथे थांबू. कारण सगळा खेळ इथे आहे.

फळ सोललं. फोडी सुट्या केल्या. आता प्रत्येक फोडीच्या पाठीवर नखानं चीर. पापुद्रा दोन्हीकडे उलटतो, केशरी गर मोकळा होतो, दोन-तीन बिया बोटानं बाहेर. पापुद्रा एका ताटलीत, बी दुसऱ्या. गरात एकही बी राहता कामा नये.

[काकूंचा आवाज: “सकाऊन रस काढला तं गोड, अन् दुपारी पाह्यलं तं कडू जहर. आमाले वाटे, भांडं खराब हाय.”]

भांडं खराब नव्हतं. संत्र्याच्या बियांत आणि पांढऱ्या पापुद्र्यात एक पदार्थ असतो, जो अख्ख्या फळात कडू लागत नाही. फळ फोडलं, रस निघाला, की रसातल्या आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडू. म्हणून ताजा रस गोड आणि तासा-दोन तासांनी तोच रस तोंड वाकडं करायला लावणारा. उष्णतेनं हे आणखी लवकर होतं. गर शिजवायचा असेल तर बी आणि पापुद्रा आधीच बाहेर काढण्याला दुसरा मार्ग नाही. मिक्सरमधून अख्ख्या फोडी फिरवल्या, तर बी भरडली जाते आणि साखर कितीही घाला, कडवटपणा हटत नाही.

पहिली खेप अशीच गेली. ती आमच्याकडे चित्रित नाही. सीताफळाचाही एक प्रयोग झाला होता, तोही नाही. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, हे या घराला तेव्हा कळलं.

[दृश्य: जाड बुडाचं पातेलं. गर खदखदतो. लाकडी उलथनं.]

अर्धा किलो गर, त्यात २०० ग्रॅम साखर. फळ जास्त आंबट असेल तर थोडी अधिक. मंद आच, पाऊण तासाच्या आत-बाहेर. संत्र्याच्या गरात पाणी फार. आंब्याचा रस आटवला की तो आपोआप घट्ट होतो, संत्रा तसा होत नाही. त्याला घट्ट धरणारं पेक्टिन असतं ते सालीच्या पांढऱ्या भागात, आणि तोच भाग आपण कडूपणाच्या भीतीनं फेकलाय. म्हणून शेवटी एक चमचा कॉर्नफ्लोर, थंड पाण्यात कालवून. आणि उतरवताना किसणीवर दोनदा घासलेली साल, फक्त केशरी, पांढऱ्याला किसणी लागू न देता. वास घरभर होतो तो त्या सालीचा.

[दृश्य: स्टीलच्या ताटलीवर एक थेंब. काकू बोटानं मधोमध रेघ ओढतात. रेघ तशीच राहते.]

रेघ मिटली नाही. सारण झालं.

[दृश्य: परात. धाकटी सून कणीक मळते. बाजूला वाटीत पांढरं फेसलेलं तूप.]

पीठ सूनबाईंकडे. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बारीक रवा, चिमूटभर मीठ, दोन चमचे तुपाचं कडकडीत मोहन, दूध घालून घट्ट मळलेलं. अर्धा तास झाकून ठेवलं.

पदर सुटणाऱ्या अशा पिठाला शहरातल्या दुकानात पफ पेस्ट्री म्हणतात आणि तयार पत्रे बर्फाच्या पेटीतून येतात. इथे पेटीही नाही आणि गरजही नाही, कारण साटा आहे. तूप तळहातानं फेसायचं, पांढरं होईस्तोवर, त्यात कॉर्नफ्लोर मिसळायचं. तीन पातळ पोळ्या लाटायच्या. एकीवर साटा, तिच्यावर दुसरी, पुन्हा साटा, तिसरी. मग घट्ट वळकटी. सुरीनं बोटभर तुकडे. कापलेल्या अंगावर बघा, कांद्यासारखे पदर दिसतात. तो तुकडा हलक्या हातानं दाबून लाटला, की पदर तसेच राहतात. दुकानातल्या पत्र्यात जे लोण्याचं काम, तेच इथे साट्याचं. आपल्या आज्या हे चिरोट्याला करतच होत्या.

[दृश्य: पुरी. मधोमध चमचाभर केशरी सारण. कडेला दुधाचं बोट. दुमड. मुरड.]

सारण पूर्ण गार हवं. कोमट असलं तर साटा वितळतो आणि पदर एकजीव होतात. एक चमचा, जास्त नाही. कडेला दुधाचं बोट फिरवायचं, दुमडायचं. कातणं फिरवलं तरी चालतं, पण काकू मुरड घालतात. अंगठा आणि तर्जनी, एक-एक घडी पुढे, वेणीसारखी.

[काकूंचा आवाज: “कातण्यानं कापलेलं उसवते कधी कधी. मुरड नाई उसवत, माय. आमच्या घरी कानोलाच म्हंते याले, करंजी तुमी म्हन्ता.”]

एक बारीक गोष्ट इथे सहज निसटून जाईल. वरच्या अंगाला सुईनं दोन भोकं पाडलीत. वाफेला वाट. तेलातल्या करंजीला भोक पाडणाऱ्या बाईला कोणी घरात ठेवलं नसतं.

वर ब्रशनं, ब्रश नसेल तर बोटानं, दूध आणि त्यावर पातळ तुपाचा हात. हा हात चुकवला तर करंजी शिजते, पण पिठूळ, पांढरी दिसते. तांबूस रंग येतो तो दुधामुळे आणि तुपामुळे. नुसती हवा रंग देत नाही.

[दृश्य: जाळीवर पाच करंज्या, एकमेकींना न टेकलेल्या. ड्रॉवर आत. डायल १७० वर.]

पाच. सहावी बसते, पण मग हवा फिरत नाही आणि टेकलेल्या कडा कच्च्या राहतात. १७० अंश, १२ मिनिटं. आठव्या मिनिटाला उघडून उलटायच्या.

मशीन १४०० वॉटची. सलग चालली तरी बारा मिनिटांत पाव युनिटच्या जरा वर. विजेचं बिल हा इथला प्रश्न नाही. प्रश्न विजेच्या दाबाचा आहे. दाब २३० व्होल्टचा १८० वर आला, तर तार तापण्याची ताकद निम्म्याच्या थोडीच वर उरते, साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणून पुस्तकातली बारा मिनिटं इथे सकाळी बारा असतात आणि संध्याकाळी वीस. सूनबाईंनी ते कागदावर लिहिलं नाही. बल्बकडे बघून ठरवतात. पिवळा पडला, की वेळ वाढवायची.

[दृश्य: ड्रॉवर उघडतो. वाफ. तांबूस करंज्या. पदर सुटलेले.]

हे बघा.

[पाच सेकंद निवेदन नाही. आवाज फक्त खोलीचा.]

लगेच तोंडात घालू नका, असं पोट्ट्यांना तीनदा सांगावं लागलं. बाहेरून निवते, आतलं सारण उकळतं असतं. पाच मिनिटं थांबायचं.

[दृश्य: नातू करंजी मोडतो. केशरी धार. बोट चाटतो.]

चवीबद्दल मी बोलत नाही. चेहरा बघा.

आता विकण्याचं. आठवडी बाजारात एकदा बसल्या, सगळ्या गेल्या. फळाचं सारण दोन दिवसांवर टिकत नाही. रोज विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती अजून व्हायची आहे. बचत गटाच्या आणखी चौघी विचारून गेल्या. एका घमेल्यानं एका बगीच्याचा ढीग संपत नाही, हे खरं आहे. पाण्याची पातळी दरवर्षी खाली चाललीय, हेही.

[दृश्य: संध्याकाळ. बगीच्याच्या कडेनं कॅरेटांनी भरलेली गाडी जाते. घरात दिवा लागतो.]

दुपारच्या करंज्या पाहुण्यांना गेल्या. ही संध्याकाळची खेप. चौथं मिनिट.

[दृश्य: अंधार. सगळं एकदम बंद.]

वीज गेली.

मशीनचा पंखा थांबला. पण डायलमधलं घड्याळ चावीचं आहे, ते वीज मागत नाही. अंधारात टिकटिक ऐकू येते.

[काकूंचा आवाज: “उघडू नोका बाप्पा. आत ऊब हाय.”]

[दृश्य: मोबाइलच्या उजेडात तिघींचे चेहरे. टिकटिक.]

टिंग.

[दृश्य: ड्रॉवर. करंज्या पांढऱ्या. हसू.]

घंटी वाजली, करंज्या कच्च्या. सूनबाई मीटरकडे बघतात, काकू चुलीकडे. काटक्या आत सरकवल्या, जाड तवा चढला, त्यावर ताट पालथं. मंद आच, दोन्ही बाजूंनी.

[दृश्य: चुलीचा उजेड. ताट उचललं जातं. वाफ.]

[काकूंचा आवाज: “हे बी झाले. दे त्या पोट्ट्याले एक.”]