वाळूचा रंग आणि काळी माती : नागपुरातून पाहिलेली थार अर्थ एडिशन

या लेखाचा विषय आहे महिंद्राच्या थार या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या, गाडीची ‘अर्थ एडिशन’ ही विशेष आवृत्ती. फेब्रुवारी 2024 मध्ये ती बाजारात आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत 15.40 लाख रुपयांपासून सुरू होत होती आणि त्याच दर्जाच्या नेहमीच्या थारपेक्षा ती सुमारे 40 हजार रुपयांनी महाग होती. या जादा पैशांत ग्राहकाला ‘डेझर्ट फ्युरी’ नावाचा वाळूसारखा मंद चमकीचा मॅट रंग, दारांवर व मागच्या बाजूला वाळवंटातील टेकड्यांची रेखाचित्रे, आत फिकट तपकिरी आसने आणि क्रमांक कोरलेली एक शोभेची पट्टी मिळत होती.

यंत्रणेत मात्र काहीही बदललेले नाही. तेच 2.0 लिटर पेट्रोल आणि 2.2 लिटर डिझेल इंजिन, तीच शिडीसारखी भक्कम चेसिस, जमिनीपासून तीच 226 मिलिमीटर उंची आणि 650 मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची तीच क्षमता. त्यामुळे या आवृत्तीविषयीचे मत हे खरे पाहता तिच्या रंगाविषयीचे आणि सजावटीविषयीचे मत ठरते, आणि नागपुरात ते एकमुखी नाही.

धरमपेठेत किंवा लक्ष्मीनगरात राहणाऱ्या, रोज शहरात गाडी चालवणाऱ्या ग्राहकाला ही आवृत्ती आवडते, आणि त्यात गैर काही नाही. रस्त्यावर थार आता इतक्या दिसतात, की आपली गाडी थोडी वेगळी असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. हा रंग कारखान्यातच चढवलेला असल्याने तो नोंदणीच्या कागदांवर पहिल्यापासून येतो आणि नंतर बाहेरून रंग बदलून घेताना करावी लागणारी धावपळ टळते. आतील फिकट रंगसंगतीही नेहमीच्या काळ्या अंतर्भागापेक्षा प्रसन्न वाटते.

काटोल, कुही किंवा भिवापूरच्या शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. जुलै महिन्यात पांदण रस्त्याने शेतापर्यंत पोहोचता येईल का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. या प्रश्नाचे उत्तर आपल्या मातीत आहे, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे. विदर्भातील काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते, म्हणूनच मे महिन्यात ज्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच जमीन पावसात चिभडते. अशा चिखलात टायरच्या खाचा काही मीटरांतच मातीने भरतात, टायर गुळगुळीत होतो आणि चारही चाकांना ताकद मिळत असली तरी ती चारही चाके जागच्या जागी फिरत राहतात. डिफरन्शियल म्हणजे वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा; मागच्या धुऱ्यातील तिच्या लॉकचा, म्हणजे दोन्ही चाके एकत्र फिरवणाऱ्या सोयीचा, उपयोग एक चाक घसरत असताना दुसऱ्याला पकड असेल तेव्हाच होतो. दोन्हीकडे सारखाच चिखल असेल, तर लॉकही फारसे काही करू शकत नाही. येथे निर्णायक ठरतात ते रुंद खाचांचे मड-टेरेन टायर, थोडा कमी केलेला हवेचा दाब आणि अ‍ॅक्सिलरेटर जोरात न दाबता लो रेंजमध्ये (कमी वेग, पण जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये) हळू, पण न थांबता गाडी पुढे नेणारा चालक. यांपैकी एकही गोष्ट विशेष आवृत्तीच्या यादीत नाही.

या ठिकाणी मारुती जिम्नी या लहान फोर बाय फोर गाडीचा विचार करणे भाग आहे. जिम्नीचे इंजिन 1.5 लिटरचे आहे आणि ताकदीत ते थारच्या जवळपासही जात नाही. परंतु तिचे वजन सुमारे 1,200 किलो आहे, आणि मऊ जमिनीत हलकी गाडी कमी रुतते, हा तिचा मोठा गुण आहे. डिसेंबर 2023 मध्ये तिचीही ‘थंडर एडिशन’ आली होती, पण ती नेहमीपेक्षा कमी किमतीत, 10.74 लाखांपासून. एका कंपनीने विशेष आवृत्तीसाठी जास्त पैसे मागितले आणि दुसरीने विशेष आवृत्तीच्या नावाने किंमत उतरवली, हे ध्यानात घेतले की ‘विशेष’ या शिक्क्याला किती महत्त्व द्यायचे ते ग्राहकाला ठरवता येते.

आता पुन्हा रंगाकडे वळू, कारण माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. मॅट रंगाला पॉलिश करता येत नाही. साध्या चकचकीत रंगावरचा बारीक ओरखडा घासून घालवता येतो. मॅट रंगावर तसे केले, तर तेवढा भाग चमकू लागतो आणि डाग अधिकच उठून दिसतो, म्हणून बहुधा पूर्ण पत्रा नव्याने रंगवावा लागतो. आपल्या पांदणींच्या दोन्ही कडांना बाभळी आणि बोरी असतात आणि अरुंद वाटेवर त्यांच्या फांद्या गाडीच्या अंगाला घासल्याशिवाय राहत नाहीत. ज्या गाडीची सारी यंत्रणा अशा वाटांसाठी घडवली आहे, तिचा मालक केवळ रंगाच्या काळजीने तिला त्या वाटेवर नेणार नसेल, तर फोर बाय फोरसाठी मोजलेले पैसे वाया जातात. ही गोष्ट मला मनापासून खटकते, कारण थार हे खरोखर सक्षम वाहन आहे.

पाण्याविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरले, तेव्हापासून नागपूरकर वाहनाच्या उंचीकडे अधिक लक्ष देतात. परंतु 650 मिलिमीटरचा आकडा संथ पाण्यातून सावकाश जाण्यासाठी आहे. नाल्याच्या वाहत्या पाण्याला तो लागू होत नाही, कारण प्रवाह याहून कमी खोलीतही गाडी बाजूला ढकलू शकतो.

घरात पाच माणसे असतील, तर चार आसनांची आणि मागच्या प्रवाशांसाठी वेगळी दारे नसलेली ही गाडी सोयीची नाही. त्यांच्यासाठी ऑगस्ट 2024 मध्ये आलेली पाच दरवाजांची थार रॉक्स आहे.

ज्यांना शेत, खाण किंवा बांधकामाच्या कामासाठी गाडी हवी आहे, त्यांनी नेहमीची फोर बाय फोर थार साध्या रंगात घ्यावी आणि वाचलेल्या 40 हजारांतून ओढण्याचा मजबूत पट्टा, हवा भरण्याचा छोटा कॉम्प्रेसर आणि मूळ मापाचेच मड-टेरेन टायर घेण्याची सुरुवात करावी. खरेदीपूर्वी वर्धा रोडच्या डांबरावरील फेरीवर समाधान मानू नये. या गाडीत पुढचा आणि मागचा धुरा यांच्या मधोमध, त्या दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल नसल्याने कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळल्यास यंत्रणेवर अकारण ताण येतो, त्यामुळे तिथे तिची परीक्षा होऊच शकत नाही. विक्रेत्याकडे कच्च्या जमिनीवरील चाचणीचा आग्रह धरावा, लो रेंज स्वतःच्या हाताने लावून पाहावी आणि शक्य असल्यास त्यासाठी पहिला मोठा पाऊस पडून गेल्यानंतरचा दिवस निवडावा.