रिपोर्ट कुणाचा, लेकराचा की मायचा?

श्रोतेहो, नमस्कार. गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन आई घेते आणि राखण बाळाचीही होते, हे आता घरोघरी ठाऊक आहे. आईच्या रक्तातल्या अँटीबॉडी, म्हणजे रोगाशी लढायला अंगात तयार होणारी प्रथिनं, वारेतून बाळात उतरतात, शेवटच्या 3 महिन्यांत सगळ्यात जास्त. आईनं बांधून दिलेली शिदोरीच ती. आई एचआयव्हीबाधित असेल, तर एचआयव्हीच्या अँटीबॉडीही त्यात असतात. त्यांच्या भरवशावर बाळ वाचत नाही, पण तपासणीत त्या दिसतात. अगदी 18 महिन्यांचं होईपर्यंत दिसू शकतात.

बीडकडची एक आजी सांगते तुम्हाला. सून एचआयव्हीची, गोळ्या चालू. पोर गणपतीत झालं. त्याला लागण होऊ नये म्हणून 6 आठवडे नेव्हिरॅपिनचं औषध पाजलं. सहाव्या आठवड्याची तपासणी व्हायची, तेवढ्यात मुकादमाची गाडी दारात. कोयता निघाला ऊसतोडीला, कारखान्यावर. (मुकादमांना माझी कळकळीची विनंती आहे, उचलीच्या वहीत टोळीतली गरोदर बाई आणि तान्हं लेकरूही लिहीत चला.) फडावर पोराला ताप आला. तिथं कुणीतरी अँटीबॉडीची तपासणी केली, कागद आला पॉझिटिव्ह. पाडव्याला परतल्यावर आजी आमच्याकडे आली. कागद पदराच्या गाठीत, घामानं ओला झालेला. म्हणाली, "लेकरू गेलंच म्हणा की."

मी आधी सुनेला विचारलं, गोळ्या? "एक दिस चुकली नाही." मग आजीला म्हटलं, हा कागद मायचा आहे. तर ती म्हणते, "रगत तर लेकराचं काढलं. मायचं कसं?" इतका नेमका प्रश्न शिकल्यासवरल्यांनीही मला कधी विचारला नाही! मी सांगितलं, आजी, रक्त लेकराचंच, पण त्यात जे सापडलं ते मायकडून आलेलं. खुद्द विषाणू आहे का, ते वेगळ्या तपासणीत कळतं.

पोराच्या पायाच्या अंगठ्याला टोचलं, कार्डावरच्या गोलांत थेंब घेतले, वाळवून प्रयोगशाळेत पाठवले. विषाणू सापडला नाही. पोर 18 महिन्यांचं झाल्यावर, अंगावरचं सुटल्यानंतर पुन्हा तपासलं. तेव्हा अँटीबॉडीही नव्हत्या.

पुन्हा सांगते. 18 महिन्यांच्या आत नुसत्या अँटीबॉडीच्या कागदावरून लेकराला बाधित ठरवू नका. राखण होते ती आईच्या रोजच्या गोळीनं आणि बाळाच्या औषधानं. काहीच उपचार नसतील तर 100 पैकी 15 ते 45 बाळांना लागण होते. उपचार नीट घेतले तर 5 पेक्षा कमी. पहिले 6 महिने फक्त अंगावरचं दूध. वरचं दूध, गुळाचं पाणी, घुटी नको. आणि मध तर कुणाच्याच तान्ह्याला चाटवू नका, आई बाधित असो वा नसो. या रिवाजाचा मला मनापासून राग आहे.

फडावर निघण्याआधी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं जा, कारखान्याजवळच्या केंद्राची चिठ्ठी घ्या. काही विचारायचं असेल तर एड्स हेल्पलाइनला, 1097 ला फोन लावा, पैसे पडत नाहीत. नाव गुप्त राहतं.